फिल्म धुणाऱ्या यंत्रांच्या मागावर

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात पार्सन्स नावाचं एक लहान गाव आहे. २०१०च्या डिसेंबरात या गावाकडे दूरदूरचे लोक निघाले होते. तिथली ‘ड्वेन्स फोटो’ ही कोडाक्रोम फिल्म धुणारी जगातली शेवटची लॅब, आणि फिल्म स्वीकारायचा शेवटचा दिवस होता ३० डिसेंबर. एक रेल्वे कामगार आर्कान्साहून गाडी हाकत आला. दीड हजारांहून जास्त रोल त्याने धुवायला दिले होते आणि बिल सोळा हजार डॉलरच्या घरात गेलं होतं. एक चित्रकर्ती थेट लंडनहून आली, तीन रोल घेऊन. टपालाने आलेला ढीग उपसायला जानेवारी उजाडला. मग यंत्र थांबलं. ते भंगारात काढायचं, हे आधीच ठरलेलं होतं.

कोडाक्रोम पहिल्यांदा बाजारात आली ती १९३५ साली, १६ मिमीची सिनेफिल्म म्हणून. पुढच्या वर्षी ८ मिमी आली. बारशी, लग्नं, समुद्रकाठच्या सहली, नव्या मोटारी असं दोन-तीन पिढ्यांचं घरगुती आयुष्य या फिल्मवर उतरलं. तिची एक खोड होती. रंग तयार करणारी द्रव्यं फिल्ममध्ये नसत, ती धुताना डेव्हलपरमधून द्यावी लागत. निळसर, किरमिजी आणि पिवळा अशा तीन रंगांसाठी तीन वेगळे डेव्हलपर, मध्ये रंगीत प्रकाशाची पुन्हा एक मात्रा, आणि हे सगळं ताळ्यावर ठेवायला रसायनशास्त्र जाणणारा माणूस. कोडॅकने ती रसायनं बनवणं बंद केलं आणि चांगलं चालतं यंत्र एका दिवसात लोखंड झालं. आज कुणाच्या माळ्यावर न धुतलेली कोडाक्रोम सापडली, तर तिच्यातून फार तर कृष्णधवल चित्र काढता येतं.

छोट्या फिल्मची, म्हणजे ८ मिमी, सुपर ८ आणि १६ मिमीची लॅब नव्याने उभी करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट आधी सांगेन. जुनं यंत्र मिळवताना लोक त्याची किंमत विचारतात, वजन विचारतात, वाहतुकीचा खर्च काढतात. त्यात आज मिळणारी रसायनं चालतील का आणि ते चालवणारा माणूस कुठे आहे, हे दोन प्रश्न मागे राहतात. माझ्या मते तेच पहिले विचारायचे.

फिल्म आज मिळते. कोडॅकने २०१२ साली बंद केलेली एक्टाक्रोम २०१८ साली पुन्हा सुरू केली. सुपर ८ची काडतुसं बनतात. कॅमेरे तर घरोघरच्या कपाटांत आणि मुंबईच्या चोरबाजारात पडून आहेत, त्यांतले बरेचसे तेल-पाणी केलं की चालतात. अडतं ते धुलाईपाशी. कॅमेरे लाखोंनी बनले, लॅबची यंत्रं मोजकी. आणि कॅमेरा कपाटात ठेवता येतो, वीस फुटी यंत्र कोण ठेवणार? लॅब बंद झाली की जागेचा मालक पहिल्यांदा तेच बाहेर काढायला सांगतो. नवीन यंत्र घ्यायचं तर बनवणारे फारच थोडे उरलेत आणि किंमत छोट्या लॅबच्या आवाक्याबाहेर. म्हणून सुरुवात जुन्यापासूनच होते.

काम काय असतं ते थोडक्यात सांगतो. सुपर ८चं काडतूस पन्नास फुटांचं, सेकंदाला अठरा चौकटींच्या गतीने तीन मिनिटं वीस सेकंद चालणारं. १६ मिमीचं लहान रीळ शंभर फुटांचं, सेकंदाला चोवीस चौकटी धरल्या तर पावणेतीन मिनिटांचं. ही लांबच लांब पट्टी पूर्ण अंधारात डेव्हलपरमधून, मग ब्लीच, हायपो, पाणी अशा टाक्यांतून जावी लागते, आणि तिच्या प्रत्येक इंचाला सारखाच वेळ व सारखंच तापमान मिळावं लागतं. सिनेमाच्या रंगीत निगेटिव्हचा डेव्हलपर ४१.१ अंश सेल्सिअसला असतो आणि वेळ तीन मिनिटं. त्यात अर्ध्या अंशाची चूकही पडद्यावर दिसते. स्थिरचित्रांच्या छत्तीस चौकटींच्या रोलमध्ये एखादी चौकट फिकी आली तर चालून जाते. सिनेमात ती फिकी चौकट शेजारच्या चौकटींबरोबर थरथरते आणि डोळा तिथेच अडकतो. शिवाय या निगेटिव्हच्या पाठीला कार्बनचा काळा थर असे, तो आधी मऊ करून पुसून काढावा लागे. राहिला तर पुढच्या सगळ्या टाक्या काळवंडतात.

सुरुवात बहुतेकांची सोव्हिएत टाकीपासून होते. तिला जगभर ‘लोमो टँक’ म्हणतात. बेकेलाइटचा गोल डबा आणि आत सर्पिल खाचांची चाकं, त्यात दहा-पंधरा मीटर फिल्म बसते. सोव्हिएत संघात हौशी लोक घरी न्हाणीघरात या टाकीत फिल्म धूत. आज ही टाकी युक्रेन, रशिया, बाल्टिक देशांतून विकायला येते. बेकेलाइटला तडा गेलेला नाही ना आणि सर्पिलाचे सगळे भाग आहेत ना, एवढं पाहिलं की पुरे. अंधारात तिच्यात फिल्म भरायला मात्र बोटांना सराव लागतो, वाया गेलेल्या फिल्मवर तो आधी करून घ्यावा. अमेरिकेत मोर्स कंपनीची जी-३ टाकी होती. लष्करानेही ती वापरली. शंभर फूट फिल्म एका चाकावरून दुसऱ्यावर हाताने गुंडाळत राहायची, रसायन आतच. तिच्यातून येणारं चित्र जागोजागी गडद-फिकट होतं. प्रयोगशील चित्रपट करणाऱ्यांना ते आवडतं. लोकांच्या घरची फिल्म धुवायला घ्यायची असेल तर ती चालणार नाही.

लोकांकडून पैसे घेऊन काम करायचं म्हणजे सलग चालणारं यंत्र हवं. एका टोकाने कोरी फिल्म आत, दुसऱ्या टोकाने सुकलेली बाहेर, मध्ये शेकडो रोलर. अशी यंत्रं कोणत्या दारांतून बाहेर पडली, हा मला या विषयातला सगळ्यांत रंजक भाग वाटतो.

पहिलं दार टीव्हीचं. व्हिडिओ कॅमेरे हाती येईपर्यंत बातम्या १६ मिमीच्या रिव्हर्सल फिल्मवर काढत. ती धुतली की थेट पॉझिटिव्ह चित्र मिळतं, वेगळी प्रिंट काढावी लागत नाही. संध्याकाळच्या बातम्या गाठायच्या असल्याने अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांनी स्वतःच्या इमारतीतच लहान यंत्रं बसवली होती. आपल्याकडे दूरदर्शनही बातम्यांसाठी अशी फिल्म वापरत असे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिडिओ आला आणि काही वर्षांत ही यंत्रं निकामी ठरली. अमेरिकी फुटबॉलचे संघही आपले सामने १६ मिमीवर टिपत. शनिवारचा, रविवारचा खेळ लगेच धुऊन प्रशिक्षकापुढे जायचा. हा व्यवहार १९८०च्या दशकात संपला.

दुसरं दार रुग्णालयाचं. ते अनेकांच्या ध्यानातही येत नाही. १९५८ साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉ. मेसन सोन्स यांनी हृदयाच्या धमनीत थेट रंगद्रव्य सोडून तिचं चलच्चित्र घेण्याची रीत सुरू केली. त्यानंतर तीसेक वर्षं अँजिओग्राफी ३५ मिमीच्या कृष्णधवल सिनेफिल्मवर होत असे. अहवाल लगेच हवा, म्हणून कॅथ लॅबच्या शेजारच्या खोलीतच धुलाईयंत्र असे. खोली लहान, चालवणारा तंत्रज्ञ, फिल्मवाला नव्हे. म्हणून ही यंत्रंही आटोपशीर आणि चालवायला सोपी केलेली. १९९०च्या दशकात संगणक आले आणि रुग्णालयांनी ती काढून टाकली. छोट्या लॅबला हवा तोच आकार, तीच वीज, तेवढीच जागा. अडचण रुंदीची. ३५ मिमीचे रोलर १६ला किंवा ८ला चालत नाहीत, लेथवर नवे कातून घ्यावे लागतात. पण चांगल्या कातकाम्याला नायलॉनचे रोलर करणं अवघड नाही. आपल्या औद्योगिक वसाहतींत अशी माणसं सहज मिळतात, आणि युरोपातल्या लॅबवाल्यांपेक्षा या बाबतीत आपण नशीबवान आहोत असं मला वाटतं.

तिसरं दार मायक्रोफिल्मचं. बँका, वृत्तपत्रं, अभिलेखागारं, मोठी ग्रंथालयं आपली कागदपत्रं १६ आणि ३५ मिमीच्या फिल्मवर उतरवत. त्यासाठी टेबलावर मावणारी यंत्रं होती. मायक्रोफिल्म पातळ आणि छिद्रं नसलेली. सिनेफिल्म तिच्याहून जाड, म्हणून यंत्राची गती कमी करावी लागते. त्यावर कृष्णधवल निगेटिव्ह उत्तम निघते, रंगीत काम निघत नाही.

चौथं दार सिनेमाच्या लॅबचंच. तिथली यंत्रं अजस्र, दिवसाला हजारो फूट खाणारी. छोट्या लॅबला ती पेलत नाहीत. तिथून घ्यायचं ते वेगळंच असतं: फिल्म तपासायचं टेबल, गुंडाळण्याची हातचाकं, जोडणीयंत्र, प्रिंटर, आणि फिल्मची घनता मोजणारा डेन्सिटोमीटर. डेन्सिटोमीटर तर छपाईच्या जगातही सापडतो. ऑफसेट छापखाने फिल्मवरून प्लेटा करत होते तेव्हा प्रत्येक चांगल्या प्रोसेस स्टुडिओत फिल्म मोजणारं हे उपकरण असे. संगणकावरून थेट प्लेट निघू लागली आणि ती उपकरणं खणात गेली. रंग मोजायला ती अपुरी पडतात, पण कृष्णधवल लॅबचं काम त्यावर भागतं. घेताना एवढंच पाहायचं की ते प्रकाश आरपार जाऊ देऊन मोजतं. कागदावरची शाई मोजणारं उपकरण दिसायला तसंच असतं आणि इथे निरुपयोगी.

फ्रान्समध्ये काही माणसांनी एकत्र येऊन हा सगळा शोध सामुदायिक केला. ग्रनोबल शहरात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘आतलिए एमटीके’ नावाची लॅब चित्रपटकारांनी स्वतःसाठी काढली. दूरदूरचे लोक तिथे फिल्म धुवायला येऊ लागले आणि त्या लहान जागेला गर्दी सोसेना. तिथल्या मंडळींनी येणाऱ्यांना सांगितलं, आता तुम्ही आपापल्या गावी लॅब काढा, आम्ही शिकवतो. त्यातून पॅरिसच्या शेजारी अस्निएरमध्ये १९९६ साली एका तळघरात ‘लाबोमिनाब्ल’ सुरू झाली. तिथे फिल्म दुसऱ्याकडे धुवायला टाकायची पद्धतच नाही. चित्रपटकार येतो, यंत्र शिकतो आणि आपली फिल्म आपणच धुतो. व्यावसायिक लॅब बंद पडत गेल्या तसतशी त्यांची यंत्रं या मंडळींकडे येत गेली. ती जागा सोडावी लागल्यावर २०१२ साली त्यांनी ला कुर्नव्ह इथे एका जुन्या शालेय स्वयंपाकघरात संसार मांडला. विचार केला तर ही जागा लॅबसाठी फार सोयीची: पाणी, निचरा, धुता येणारी फरशी, सगळं तयार. पुढे त्यांनी एपिने-सुर-सेन इथल्या एक्लेर कंपनीच्या जुन्या लॅबच्या आवारात मोठं केंद्र उभारायचं काम हाती घेतलं. ज्या एक्लेरच्या लॅबमध्ये फ्रेंच सिनेमाची कित्येक दशकं धुतली गेली, तिचं आवार पुन्हा फिल्मच्या कामाला लागावं याचा मला मनापासून आनंद आहे.

रॉटरडॅम, बर्लिन, सोल, मेलबर्न इथेही अशा लॅब आहेत आणि त्या एकमेकींना सुटे भाग, कृती आणि सल्ला देतात. आपल्या परिस्थितीच्या सर्वांत जवळची मला जाकार्ताची वाटते. इंडोनेशियाच्या सरकारी चित्रपट कंपनीची लॅब वर्षानुवर्षं बंद होती. आत यंत्रं आणि बुरशी चढलेली रिळं. २०१४च्या सुमारास काही तरुण कलाकारांनी त्या इमारतीत शिरकाव मिळवला, रिळं पुसायला घेतली, यंत्रं समजून घेतली आणि ‘लॅब लाबा-लाबा’ नावाने काम सुरू केलं. उष्ण, दमट हवा, सरकारी मालकी, विस्मरणात गेलेलं गोदाम. मुंबईच्या वाचकाला यातलं काही परकं वाटणार नाही.

आपल्याकडे तर सिनेमाची सुरुवातच अशा लहान लॅबने झाली. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला जाऊन आले. विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर त्यांनी फिल्मला छिद्रं पाडण्याचं, धुण्याचं आणि प्रिंट काढण्याचं सामान मिळवलं. कच्ची फिल्म तेव्हा छिद्रांविना येई. दादरच्या घरात सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून छिद्रं पाडत आणि फिल्म धूत. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३च्या मे महिन्यात लोकांपुढे आला तो या घरच्या धुलाईतून. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी प्रोजेक्टर मिळवला, त्याची रचना अभ्यासली आणि कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८मध्ये तो पुरा केला. याच कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ आला. हेच विष्णुपंत दामले पुढे प्रभातच्या संस्थापकांपैकी एक. प्रभातच्या पुण्यातल्या जागेत १९६०पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

नंतर मुंबईत मोठ्या लॅब आल्या. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वरळीचं रामनॉर्ड, गोरेगावच्या फिल्मसिटीतली ॲडलॅब्ज. डिजिटल आल्यावर या धंद्याचा पायाच गेला. फिल्ममध्ये आणि वापरलेल्या हायपोमध्ये चांदी असते, म्हणून जुन्या फिल्मचं गिऱ्हाईक भंगारवालाच असे. आपले कितीतरी मूकपट आणि बोलपट या चांदीपायी गेले. यंत्रं गेली ती पत्र्याच्या आणि तांब्याच्या भावाने. पण त्या यंत्रांवर रात्रपाळ्या केलेली माणसं मुंबईत, ठाण्यात, कल्याणला आहेत. आता साठी-सत्तरीतली. नुसत्या आवाजावरून रोलर अडकलेला ओळखणारी, ओल्या फिल्मच्या वासावरून डेव्हलपर थकल्याचं सांगणारी. त्यांच्याकडून हे लिहून घ्यायला अजून वेळ आहे, फार नाही. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने २०१५पासून फिल्म जतनाच्या कार्यशाळा घेतल्या, मुंबईत वर्सोव्यात हरकत स्टुडिओने १६ मिमीला वाहिलेला महोत्सव भरवला. तरुण मुलं या दोन्हींकडे ओढीने येतात. त्या मुलांची आणि या जुन्या कामगारांची गाठ पडायला हवी. माझ्या हातात असतं तर कुठलंही यंत्र घेण्याआधी मी अशा चार माणसांच्या घरी जाऊन बसलो असतो.

कारण यंत्र पाहायला जाताना असा माणूस बरोबर असला तर तो टाक्यांकडे आधी बघतो. ब्लीच साध्या स्टेनलेस स्टीललाही खातो, म्हणून चांगल्या यंत्रात ब्लीचची टाकी टायटॅनियमची किंवा प्लॅस्टिकची असते. तिथे स्टील असेल तर जोड तपासायचे. मग तो मोटारीवरची पाटी वाचतो. अमेरिकेतली वीज साठ हर्ट्झची, आपली पन्नास. तिकडून आणलेल्या यंत्राची मोटार विजेच्या फेऱ्यांवर गती धरणारी असेल, तर व्होल्टेज जुळवूनही ती इथे एक षष्ठांश हळू फिरेल. तीन मिनिटांचा डेव्हलपर साडेतीन मिनिटांच्या पुढे जाईल, आणि कारण समजेपर्यंत माणूस रसायनाला दोष देत राहील. त्यावर गियर बदलणं किंवा गती बदलता येणारी मोटार बसवणं हा उपाय. पंप, हीटर, थर्मोस्टॅट बदलता येतात, त्यांच्यासाठी व्यवहार मोडू नये. रोलर एकाच मापाचे आणि पुरते आहेत का, हे मात्र मोजून घ्यावं. फिल्म कोणत्या रोलरवरून कोणत्या रोलरवर जाते याचा नकाशा बहुधा यंत्राच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो, त्याचा फोटो यंत्र उकलण्याआधी काढावा. आणि वही मागावी. प्रत्येक चांगल्या लॅबमध्ये एक वही असते: तारीख, तापमान, किती फूट फिल्म गेली, किती लिटर रसायन भरलं, कुठे बिघडलं. विकणारा ती यंत्राबरोबर देत नाही, कारण तिला किंमत आहे असं त्याला वाटत नाही. मागितली तर देतो. ज्या यंत्राबरोबर वही मिळते ते थोडं महाग पडलं तरी घ्यावं, असं मी म्हणेन.

जुनं ८ मिमी धुवायचं असेल तर आणखी एक वस्तू लागते. १९३२ साली आलेली ही फिल्म खरं तर १६ मिमी रुंदीचीच असते. पंचवीस फुटांचं रीळ एका बाजूने चालवून, उलटं घालून पुन्हा चालवतात, आणि धुतल्यावर मधोमध कापून दोन पट्ट्या जोडतात. कापणारं ते छोटं यंत्र लॅबबाहेर कुणाला लागतच नाही, म्हणून ते दुर्मीळ आहे. दिसलं तर लगेच घ्यावं.

जागा ठरवताना पाण्याचा आणि सांडपाण्याचा विचार आधी. हायपोतली चांदी काढून घ्यायलाच हवी, ती गटारात जाऊ देणं गुन्हा आहे आणि नुकसानही. त्यासाठी विजेवर चालणारी लहान उपकरणं मिळतात. एक्स-रे फिल्म धुणारे दवाखाने हीच उपकरणं वापरत. कृष्णधवल रिव्हर्सलच्या जुन्या कृतीत डायक्रोमेटचा ब्लीच असतो, तो कर्करोगाला कारण ठरू शकतो. परमँगनेटची कृती उपलब्ध आहे. ती थोडी लहरी आहे, जिलेटीन मऊ करते, पण लहान खोलीत रोज काम करणाऱ्यांनी तीच धरावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे यंत्र येण्याआधी जावं, नंतर नको.

यंत्र बसलं, टाक्या भरल्या, तरी पहिलं रीळ कुणाच्या घरचं नसावं. आधी साधं पाणी भरून कोरी लीडर फिल्म दिवसभर फिरवायची आणि तिच्यावर ओरखडे उठतात का ते भिंगातून पाहायचं. ओरखडा सरळ रेषेत सलग असेल तर एखादा रोलर फिरत नाही, ठरावीक अंतरावर असेल तर एखाद्या रोलरला खरवड आहे. ती काढली की रसायन भरायचं आणि मोजून प्रकाश दिलेली चाचणीपट्टी सोडायची. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. डेन्सिटोमीटरवर तिन्हींचे आकडे घेऊन वहीत लिहायचे. ते आठवडाभर एकमेकांना धरून राहिले, मग स्वतः काढलेलं रीळ. लोकांची रिळं त्यानंतर. ती पुन्हा काढता येत नाहीत. आजोबा गेलेले असतात, वाडा पडलेला असतो.